'आत या' म्हणणारा मोडेम

पनिना झिराडकरला या सगळ्यातून काय मिळायचं होतं, ते आधी मांडलेलं बरं. मागाहून जो तो आपल्या सोयीने आकडे फिरवतो.

एक तर बसायला मिळणार होतं. लग्न होऊन इस्राएलला आल्यापासून तिचा संसार उभ्यानेच चालला होता. अश्दोदच्या कारखान्यात टेलिफोनची सर्किटं तपासायची, तीही उभ्याने, कारण मालकाचं म्हणणं, बसलेल्या बाईच्या डोळ्यावर झापड येते. संध्याकाळी बुटातून निघणारी तिची पावलं पुरीसारखी टम्म असायची. दुसरं, शुक्रवार. ऑफिसातली माणसं शुक्रवारी घरी असतात; कारखान्यातली बाई ऊन कलायला लागलं तरी बसस्टॉपवर उभी असते आणि सूर्यास्ताला शब्बाथचे दिवे लावायच्या आत घर गाठणार की नाही, याचा अंदाज बांधत असते. तिसरं मात्र तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. लग्नाच्या हॉलमध्ये टेबलावर कोशिंबिरी फिरत असताना मुंबईकडच्या बायका हमखास विचारतात, "मग, सध्या काय करतेस?" या प्रश्नाला एकदा तरी, घास गिळायचं निमित्त न करता, तिला तडक उत्तर द्यायचं होतं. ठाण्याच्या कॉलेजची बी.एस्सी. होती ती, फिजिक्स घेऊन. इथे त्या सर्टिफिकेटाचा उपयोग आल्या दिवशी एकदाच झाला होता. विमानतळावरच्या बाईने ते उलटं धरून पाहिलं आणि म्हणाली, "अक्षर छान आहे."

मग दोन हजार एक साली कारखाना बंद पडला. हाय-टेकचा फुगा फुटला, असं टीव्हीवर रोज सांगत होते. ज्यांनी फुगवला ते अमेरिकेला निघून गेले. फुटल्याचा आवाज अश्दोदला आला. बेकारांच्या ऑफिसातल्या कारकून बाईने तिच्यासमोर दोन सरकारी कोर्स ठेवले: एक म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेचा, दुसरा कॉम्प्युटर नेटवर्कचा.

"नेटवर्क शिकलीस तर पुढे सिक्युरिटीत जाता येईल. त्याला मरण नाही," कारकून बाई म्हणाली. मग तिने पनिनाच्या फाईलवरची जन्मतारीख पाहिली, पनिनाकडे पाहिलं आणि शुश्रूषेचा कागद जरा पुढे सरकवला.

पनिनाने दुसरा उचलला. म्हातारी माणसं काय, घरोघर होतीच.

कोर्स तेल अविवला, दुपारपासून संध्याकाळपर्यंत. बसमध्ये बसलं की लोक चढणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीकडे बघत. बसमध्ये बॉम्ब फुटत होते, ते दिवसच तसे होते. कुठेही जा, दारावर एक पोरगा खुर्ची टाकून बसलेला, पिशवी उघडून दाखवल्याशिवाय पाऊल टाकता येत नसे. त्याचा फायदा एवढाच, की फायरवॉल म्हणजे काय हे वर्गात तिला समजावून द्यावं लागलं नाही. कोण, कुठून आलात, कुठे चाललात, पिशवीत काय. पटलं तर आत, नाही तर परत. बेने इस्राएलांना, कोकणातून आलेल्या या ज्यूंना, तर हे आणखी जुनं माहीत. तिच्या सासऱ्यांच्या पिढीला इथल्या रब्बींनी, लग्न लावायला गेलं की आईची आई कोण, तिची आई कोण, असं विचारत दारात उभं केलं होतं.

वर्गात बाकी सगळी नुकती आर्मीतून सुटलेली पोरं. त्यांना निम्मं आधीच येत होतं. त्यांच्यासाठी कोर्स म्हणजे जेवून झाल्यावर मेनूकार्ड वाचणं. पनिना मात्र घरी आली की भात एका शेगडीवर, वही दुसऱ्या शेगडीच्या बाजूला, अशी शिकायची. शब्द इंग्रजी, शिकवणं हिब्रू. पण आकडेमोड माणूस ज्या भाषेत पाढे शिकला त्याच भाषेत करतो. एका मोठ्या नेटवर्कचे लहान तुकडे पाडायचं गणित आलं की ती ओठांतल्या ओठांत सुरू करायची, सोळा दुणे बत्तीस, बत्तीस दुणे चौसष्ट.

शेजारच्या ओम्रीने एकदा विचारलं, "प्रार्थना करतेस?"

"तसंच समज," पनिना म्हणाली. "देवाने ऐकलं तर एकशे अठ्ठावीस."

नवरा रूवेन हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कारकून. माणूस चांगला, त्याच्या थट्टेलाही घरी सगळे सरावलेले. एकदा जेवताना म्हणाला, "तू शिकतेस काय, ते मला एका वाक्यात सांग बघू."

"एका कॉम्प्युटरने हाक मारली तर दुसऱ्याने ओ कशी द्यायची, ते."

"आणि सिक्युरिटी म्हणजे?"

"परक्याने हाक मारली तर ओ द्यायची नाही."

"हे तर तुझ्या आईला कोर्स न करता येत होतं. ठाण्याला तुमच्या दारात उभं राहून मी किती हाका मारल्या!"

त्यांची मुलगी मोरिया ताटावरून न उठता हिब्रूत म्हणाली, "इमा, तुला झोप येतेय. जाऊन झोप." आणि पनिनाला खरोखरच इतकी झोप येत होती, की पोरीने मराठीत का नाही सांगितलं, हे विचारायचंही राहून गेलं.

मास्तर रोनेन. पस्तिशीचा, डोक्यावरचे केस गेलेले, कपाळाला कायमची आठी. त्याची स्वतःची लहानशी कंपनी होती. लोकांच्या नेटवर्कला कुठे भोकं आहेत, ते चोराच्या आधी शोधून द्यायचं, हा धंदा. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं होतं, "या वर्गातला एक जण मी माझ्याकडे घेईन. एकच." पोरांनी ते ऐकून सोडून दिलं, त्यांना दहा दारं होती. पनिनाने ते वाक्य रोज बसमध्ये मनात उलटून पालटून पाहिलं. तिच्या वयाच्या, आर्मी न केलेल्या बाईला सिक्युरिटीत दुसरं कोण उभं करणार होतं? हे एकच दार, आणि तेही एवढुसं किलकिलं.

रोनेनने तिला आठ महिन्यांत एकही प्रश्न विचारला नव्हता. वाईटपणाने नाही. खिडकीतल्या कुंडीला कोण प्रश्न विचारतं?

कोर्स संपत आला तेव्हा रोनेनने एक खरं काम वर्गात आणलं. एका ग्राहकाने आपलं नेटवर्क बाहेरून तपासायला सांगितलं होतं. "मालकाची लेखी परवानगी माझ्याकडे आहे. नाव सांगणार नाही," तो म्हणाला आणि फळ्यावर टेलिफोन नंबरांचा एक पट्टा लिहिला. अमुकपासून अमुकपर्यंत. "पुढच्या दाराला सगळे कुलूप लावतात. पण कधीतरी कोणीतरी मागच्या खोलीत टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडतो, घरून काम करता यावं म्हणून, आणि विसरून जातो. तो शोधा."

युक्ती सोपी, फक्त कंटाळवाणी. ऑफिसं सुटल्यावर एक प्रोग्रॅम एकामागून एक नंबर फिरवतो. कोणी माणूस "हॅलो" म्हणाला की ठेवतो. फॅक्स शिट्टी मारतो, त्याची नोंद घेतो. आणि मोडेम असला तर तो किंचाळतो. बाकी सगळे नंबर गप्प राहिले. एक किंचाळला.

नंबर अश्दोदकडचा होता हे पनिनाने पाहिलं. पाहिलं, आणि पाणी प्यायला उठली. अश्दोद काय लहान आहे?

मोडेमने पडद्यावर एक ओळ दाखवली आणि पासवर्ड मागितला. तीनदा चुकलं की तो फोन ठेवून द्यायचा; पुन्हा फिरवायचा. ओम्रीकडे शब्दांची एक जंगी फाईल होती: माणसांची नावं, फुटबॉलचे क्लब, शिव्या, तनाख या धर्मग्रंथातली गावं. ती त्याने मोडेमच्या तोंडात ओतायला लावून दिली. दोन संध्याकाळी ओतून झाली, पण दार काही उघडलं नाही. ती वरची ओळ म्हणजे यंत्राच्या कंपनीचं नाव असावं, असं पोरांचं ठरलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी पनिना पाण्याची बाटली घेऊन मागून चालली होती. पडद्याकडे सहज नजर गेली आणि ती थांबली. रोमन अक्षरांत लिहिलं होतं: शालोम. आत या.

ती हसली. मोठ्याने. या वर्गात ती कधी हसलीच नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी मान वळवली.

"काय झालं?" ओम्रीने विचारलं.

"अरे, हा बोलावतोय!"

"कोण?"

"हा तुझा मोडेम. म्हणतोय, या, आत या. माझ्या भाषेत. कुलूप लावायचं आणि वर दारावर या बसा लिहायचं... असं आमच्याशिवाय कोण करणार? ऊठ जरा."

ओम्री उठला. पनिनाने बसून नवसाला पावणाऱ्या प्रेषिताचं नाव लिहिलं, 'एलियाहू'. नाही. त्याच्या नवसाचा प्रसाद, 'मलिदा' लिहिलं. नाही. मग तिने डोळे मिटले. आपल्या आईने काय लिहिलं असतं? वडिलांनी? दाराशी उभं राहून म्हातारी माणसं कोणत्या जागेचं नाव घेतात? तिने लिहिलं, 'खंडाळा'.

दार उघडलं. पडद्यावर आकड्यांच्या रांगा दिसल्या न दिसल्या, तोच रोनेनचा हात मागून आला आणि त्याने लाईन तोडली. "बस. उघडतंय एवढं पुरे. आत पाऊल टाकायचं नाही." मग तो तिच्या समोरच्या टेबलावर टेकला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिला प्रश्न विचारला.

"कसं कळलं?"

इथे पनिना गप्प बसली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. 'सुचलं,' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मोडेम सापडला होता. पासवर्ड तकलादू आहे, हेही कळलं होतं. पण आठ महिने बसमध्ये पेंगणाऱ्या, पोरांच्या मागच्या रांगेत बसणाऱ्या बाईला कोणी तोंड वर करून विचारलं, आणि सगळा वर्ग ऐकायला वळला, तर ती हातचं राखून कशी बोलेल? तिने सगळं सांगितलं. की आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले. की एलियाहू हानाबी एकदा आमच्या मुलखात आला, अलिबागजवळच्या खंडाळ्याला. घाटातलं खंडाळं नव्हे, ते वेगळं. तिथून तो रथात बसून आकाशात गेला, आणि खडकावर घोड्याच्या टापेची खूण अजून आहे. की नवस फेडायला आमची माणसं तिथे जातात, आणि इथे आलेली माणसं जाता येत नाही म्हणून नुसतं नाव घेतात.

"म्हणजे ज्याने हा पासवर्ड ठेवला..." रोनेन म्हणाला.

"आमच्यातलाच! दुसरा कोण? आणि चांगलं वय झालेला. आमच्या पोरांना कुठलं आलंय खंडाळं!"

पोरं खुश झाली. ओम्रीने घोड्याच्या टापेबद्दल आणखी दोन प्रश्न विचारले. रोनेन आपल्या वहीत काहीतरी लिहीत होता, आणि पनिनाला वाटलं, खडकाची गोष्टच लिहितोय.

निघताना त्याने तिला जिन्यात थांबवलं. "कोर्स संपला की माझ्या ऑफिसात ये. ओम्रीसारखे मला रस्त्यावर मिळतात. माणसं पासवर्ड काय ठेवतील, ते ओळखणारं कोणी नव्हतं."

घरी येऊन तिने रूवेनला सांगितलं. त्याने उठून चहा केला, जो तो करत नसे. चहा होईपर्यंत ती सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली होती.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी येमिमामावशीचा फोन आला. येमिमा रक्ताच्या नात्याची मावशी नव्हे. पनिना नवी नवरी म्हणून अश्दोदला आली तेव्हा दोन इमारती पलीकडून भेटायला आलेली पहिली बाई ती. बाजारात हिब्रूत भाव कसा करायचा हे हिने शिकवलं. मोरियाच्या वेळी रूवेन रडकुंडीला आला तेव्हा हॉस्पिटलात रात्रभर हीच बसली. तिचा नवरा सामाजी, सगळ्यांचा सामाजीकाका, बंदरावरच्या शीतगृहात मशीनवाला. लोक गमतीने म्हणत, सामाजी फ्रिजात राहतो.

"पनिना, बाय, तू त्या कॉम्प्युटरचं शिकतेस ना? मला जरा सांग काय ते," येमिमा म्हणाली. आवाज रडून झालेला. "तुझ्या काकांना घरी पाठवलं गो."

"घरी? म्हणजे?"

"काढलं! म्हणे यांनी फोनच्या तारेला काय ते मशीन लावून ठेवलं, चोराला वाट करून दिली. अगो, ते मशीन मॅनेजरने स्वतः आणून हातात दिलं होतं! शुक्रवारी ह्यांना लवकर सोडायचं, तर घरून एकदा थंडीचे आकडे बघता यावेत, म्हणून. आता म्हणतो, मला आठवत नाही. आणि तुला एक गंमत सांगू? मॅनेजर ह्यांना विचारतो, सामाजी, खंडाळा म्हणजे काय? आता त्या मेल्याला खंडाळा कोणी सांगितलं?"

पनिना उभी होती ती खाली बसली.

"मावशी," ती म्हणाली. "मी."

"काय मी?"

"मी सांगितलं. मला ठाऊक नव्हतं कुणाचं आहे. वर्गात आलं ते... मला ओळखता आलं, म्हणून मी सांगितलं."

 पलीकडे रेडिओ बंद केल्याचा आवाज आला.

"बरं," येमिमा म्हणाली. "दिवे लावायची वेळ झाली." आणि तिने फोन ठेवला. दिवे लावायला अजून तीन तास होते.

रूवेनने थट्टा केली नाही. म्हणाला, "आत्ता ऊठ आणि काकांना जाऊन भेट. दोन इमारती पलीकडे तर आहेत."

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच."

पण ती गेली नाही. शनिवारी सिनेगॉगलाही गेली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. मोठ्या माणसासमोर जाऊन, काका, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली, असं म्हणण्यापेक्षा ती परत मिळवून द्यावी आणि मग जावं, असं तिच्या मनाने घेतलं. रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जाऊ नये, अशी आपल्याकडे रीत आहे. चांगली रीत आहे. फक्त दर वेळी उपयोगाची नाही.

रविवारी तिने रोनेनला गाठलं.

"तुझ्या रिपोर्टात काय लिहिलंस?"

"मोडेम सापडला. पासवर्ड 'खंडाळा', कच्चा. बसवणारा बहुधा भारतातून आलेला, वयस्क कर्मचारी." त्याने खांदे उडवले. "हे तूच सांगितलंस."

"खोडून टाक ते."

"रिपोर्ट गेला, पनिना. आणि त्यांच्याकडे भारतातून आलेला एकच निघाला, हा माझा दोष?"

"तो मोडेम मॅनेजरने आणलाय. काका काय बाजारातून घेऊन आले नव्हते! मी जाऊन त्याला सांगते."

रोनेनच्या कपाळावरची आठी खोल गेली. पण आवाज चढला नाही. बिचारा तोही दमलेलाच होता. "ऐक. ग्राहकाकडे परस्पर जायचं नाही. या धंद्यात हा पहिला नियम, बाकीचे सगळे नंतर. त्यांचं घर, त्यांची माणसं, ते बघून घेतील. आपण भोक दाखवायचं आणि तोंड मिटायचं. गेलीस तर मला तुला घेता येणार नाही. हे मी रागाने म्हणत नाही."

ती गेली. शूर वगैरे म्हणून नव्हे. गेली नसती तर येमिमाच्या दारावरून रोज बसस्टॉपला जाता आलं नसतं, आणि दुसरा रस्ता लांबचा होता.

शीतगृहाच्या मॅनेजरने तिला कॉफी दिली. वर्गातली पोरगी आली असेल असं त्याला वाटलं होतं. समोर चाळिशी ओलांडलेली बाई, चपला घालून. तिने सगळं सांगितलं: मोडेम कोणी आणला, कशासाठी आणला, शुक्रवारचं काय ठरलं होतं. तो आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, असेलही. मग खिडकीतून बाहेर ट्रककडे पाहत म्हणाला, "त्याच्याइतकी मशीनं कोणाला कळत नाहीत, हे मलाही दिसतंय. दोन खोल्या आत्ताच त्रास देतायत." बघतो, म्हणाला. आणि पनिना कॉफीचा पेला टेबलावर ठेवते न ठेवते, तोवर त्याने तिच्यादेखतच रोनेनला फोन लावला. तक्रार म्हणून नाही. नुसतं विचारायला, ही बाई तुमचीच ना?

संध्याकाळी रोनेनने तिला वर्गाबाहेर बोलावलं. "बोललीस म्हणून घेत होतो," तो म्हणाला, "बोललीस म्हणूनच सोडतोय. मला वाईट वाटतंय."

त्याला खरंच वाटत होतं. पण वाईट वाटण्याला या शहरात कधीच तोटा नव्हता.

आता तिच्या हातात काही तरी होतं, मॅनेजरचं 'बघतो'. आता काकांकडे जायला हरकत नव्हती. बुधवारी सकाळी ती गेली तर घराला कुलूप. येमिमा दवाखान्यात गेलेली, खालच्या बाईने सांगितलं, काका किनाऱ्यावर. सामाजी धक्क्याजवळच्या दगडांवर गळ टाकून बसला होता. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. इतक्या वर्षांत पनिनाने त्याला स्वेटरशिवाय पाहिलंच नव्हतं.

"ये, ये, बस," तो म्हणाला. "तो दगड कोरडा आहे."

"काका, मी तुमच्या मॅनेजरकडे गेले होते..."

"माहीत आहे ना! काल त्याचा फोन आला. म्हणतो, सामाजी, झालं गेलं विसर, परत ये. मशीन मीच दिलं होतं म्हणाला. कबूल करून घेतलंस की गो पोरी, तू त्याच्याकडून! वकिलाला जमलं नसतं."

"मग? कधी जाताय?"

सामाजीने गळ वर ओढून पाहिला, आमिष तसंच होतं, परत टाकला.

"मी नको म्हटलं."

"नको? का बरं?" पनिनाने विचारलं.

"अगो, हे गुडघे बघ. उणे अठराच्या खोलीत जाऊन जाऊन लाकूड झालेत. दोन वर्षं त्याच्या पाया पडतोय, मला सोड, माझं वय झालं. सोडीना. दुसरा माणूस मिळत नाही म्हणायचा. आता हे खंडाळ्याचं झालं आणि एका दुपारीत सुटलो. हक्काचं होतं ते सगळं देऊन सोडलं त्याने, भांडण नको म्हणून. मी एलियाहू हानाबीला म्हटलं, बाबा, तूच रे." मग आवाज जरा उतरला. "फक्त एक. दारावरची दोन पोरं माझ्यामागून गेटपर्यंत चालत आली. पिशवी बघितली माझी. डब्यात काय, म्हणाले. ते नसतं झालं तर बरं होतं. बाकी मी सुखात."

"पण मावशी म्हणाली तुम्हाला काढलं! रडत होती!"

"मग काय सांगू तिला? मी खुशीने घरी बसलो? ती म्हणाली असती, आता दिवसभर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणार. काढलेल्या माणसाला बायको चार दिवस गोड बोलते. मासे तळून देते." तो हसला, पुढचे दोन दात नव्हते. "तुझं तिथलं कसं चाललंय? नोकरी देणार होते ना?"

"बघू," पनिना म्हणाली. "अजून ठरलं नाही."

हे तिने का म्हटलं, तिलाही सांगता आलं नसतं. बहुधा त्याच्या दुमडलेल्या पँटीमुळे.

"आणि हे बघ," सामाजी म्हणाला, "परत बोलावलं होतं ते येमिमाच्या कानावर नको हां. तू काय मोकळ्या तोंडाची. माझी शपथ."

"काका, ती माझ्याशी बोलत नाही."

"बोलेल की. बायकांचं काय, चार दिवस."

"बरं काका," पनिना म्हणाली.

चार दिवसांचे किती झाले, ते कोणी मोजलं नाही. रोनेनकडची जागा ओम्रीला मिळाली. उन्हाळा संपायच्या आत ती सोडून तो दुसरीकडे गेला. पनिनाला कोर्सचा कागद मिळाला आणि एका कंत्राटदाराकडे काम, ऑफिसांतल्या टेबलांखाली वाकून केबल ओढायचं. मॅनेजरने सामाजीच्या जागी दोन माणसं ठेवली आणि दारावर तिसरा. रोनेनला त्या शीतगृहाने पुढच्या वर्षीही बोलावलं. सामाजीचा रंग उन्हाने रापला आणि खोकला गेला.

शनिवारी सिनेगॉगमध्ये बायकांच्या बाजूला येमिमा आता खिडकीकडच्या बाकावर बसते, पनिनाकडे पाठ करून. ज्या पोरीला हात धरून बाजारात नेलं, तिने आपल्या माणसाची भाकर घालवली, हे तिने गावभर सांगितलं आहे, आणि तिच्या माहितीप्रमाणे ते खरंच आहे. समोर पुरुषांत सामाजी असतो. पनिनाची नजर गेली की तो प्रार्थनेच्या पुस्तकाचं पान उलटतो. सुटका त्याची झाली, माणूस मॅनेजरचा गेला, नाव रोनेनचं झालं. नोकरी गमावली ती पनिनाने, आणि बोल लावून घेतला तोही तिनेच. एकाच सौद्याचे पैसे तिने दोनदा भरले, आणि पावती मागायची तर ज्याच्याकडे, त्या सामाजीने स्वतःचीच शपथ घातलेली.